मातीचें काम

ओतुराहून एका वाचक गृहस्थांचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव दहावीची परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाले असून त्यांस स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घ्यावयाची आहे. वडील म्हणतात, "चार पिढ्या लेखणीवर जगलेल्या घरांतल्या मुलानें आतां उन्हांत माती तुडवावी काय?" आठ दिवस बापलेकांचा अबोला आहे, प्रवेशाची मुदत संपत आली आहे, आणि आमचा कौल मागितला आहे.

मातीपासूनच आरंभ करूं. ओतुराजवळचें पिंपळगांव जोगे धरण मातीचें आहे. माती ओतून ढीग केला म्हणजे धरण होत नसतें. पातळ थर पसरावयाचा, रुळानें दाबावयाचा, मग पुढचा थर. माती फार कोरडी असली तर कण एकमेकांस धरीत नाहींत. फार ओली असली तर कितीही रूळ फिरविला तरी ती दबत नाहीं. दोहोंमधला नेमका ओलावा प्रयोगशाळेंत ठरवितात व जागेवर रोज तपासतात. अशा धरणाच्या पोटांत पाणी अडविणाऱ्या चिकणमातीचा गाभा असतो, आणि त्याच्या पाठीशीं, झिरपलेलें पाणी माती वाहूं न देतां बाहेर काढणारी वाळूची गाळणी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें, तेव्हां या कामाची किंमत पुण्यास कळली.

काँक्रीट वाळून घट्ट होतें, ही समजूत शिकलेल्या घरांतही आढळते. वास्तविक सिमेंट पाण्याशीं रासायनिक संयोग पावून घट्ट होतें. म्हणूनच तें निदान आठवडाभर ओलें ठेवावयाचें आणि २८ दिवसांनीं ठोकळे यंत्रांत दाबून ताकद पाहावयाची. कालविण्यांत मात्र जादा पाणी पडलें कीं ताकद घटते. घर बांधतांना आम्हीही "जरा पातळ करा" असें सांगितलें होतें. वृद्ध गवंड्यानें ऐकलें नाहीं, हें आमचें भाग्य.

राहिली प्रतिष्ठा. पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालीं निघालें तें सरकारी बांधकामाचे दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठींच. वाईजवळच्या पसरणीचे बी. जी. शिर्के १९४३ सालीं तेथूनच पदवीधर झाले व पुढें मोठे बांधकाम-उद्योजक म्हणून नांवारूपास आले. पत्राच्या शेवटीं, धाकट्या मुलीलाही हेंच वेड आहे, "तिचें तर बोलूंच नये," असें लिहिलें आहे. आम्ही बोलतों: शकुंतला भगत १९५३ सालीं मुंबईंत स्थापत्य अभियंत्या झाल्या आणि पुढें त्यांनीं पूल बांधले.

आरंभीं पगार बेताचा, बदल्या फार, ऊन खरें. हें आम्ही लपवीत नाहीं. पदविका तीन वर्षांची आहे. ती झाल्यावर पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेशाची वाट आहे. आंबेगांव तालुक्यांत अवसरी खुर्द येथें शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथें प्रथम चौकशी करावी.

एका रविवारीं बापलेकांनीं मिळून धरणावर जाऊन यावें. अर्ज मात्र आधीं भरून टाकावा.