पंक्तीबाहेरचे मूल



मुंबई-गोवा महामार्गावर पेणच्या रामवाडीस एस.टी.ची वाट पाहत तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर पुढील देखावा कदाचित तुमच्या दृष्टीस पडला असेल. गाडीचा भोंगा वाजतो आणि आईचा हात धरून उभे असलेले पाच-सहा वर्षांचे मूल कान दाबून किंचाळत जमिनीवर अंग टाकते. भोवतालची माणसे लागलीच निकाल देतात. कोणी म्हणतो, लाडावलेले आहे. कोणी म्हणतो, बाहेरचे काही लागले आहे. कोणी हळूच पुटपुटतो, मागल्या जन्मीचे भोग! आई मान खाली घालते आणि पुढील खेपेस मुलास घरीच ठेवून येते. त्या दिवसापासून त्या मुलावर बहिष्कार सुरू होतो, आणि तो घातला जातो त्याच्याच माणसांकडून.

हे भूत नव्हे, भोगही नव्हेत. त्यास ऑटिझम म्हणतात. मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. शब्दावरून असा समज होतो, की मूल आपल्या मर्जीने स्वतःत बुडालेले आहे. तसे नाही. त्याच्या मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. आपल्याला साधा वाटणारा आवाज त्यास असह्य होतो, एखादे कापड अंगाला टोचते. मनातले सांगावयास शब्द सापडत नाहीत, म्हणून ते किंचाळते. २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक जण असा होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा ही एखाद्याच घरावर कोसळलेली आपत्ती नव्हे.

शास्त्रज्ञांच्याही हातून या बाबतीत अन्याय घडला आहे. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे, आईची माया आटली म्हणून मूल असे झाले, असे डॉक्टरच सांगत. तो आरोप खोटा ठरला. १९९८ साली एका लेखाने दोष लसीवर ढकलला. तो लेख २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला. तेव्हा माता-भगिनींनो, दोष तुमचा नाही, लसीचा नाही आणि कोणाच्या नजरेचाही नाही.

आणि पूर्वजन्माचा तर नाहीच नाही. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हे मत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात साफ नाकारले आहे. याच मताच्या आधारे आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवण्यात आले होते. ज्या घरातून देव्हारा गेला, त्या घरातून मुलापायी भगताकडे जाणारी वाट अजून शिल्लक राहावी काय? भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चटके देणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, वेळेवर ओळखावे. वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, दीड वर्षाचे झाले तरी बोटाने वस्तू दाखवीत नाही, आलेले शब्द हरवतात, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करते, अशी लक्षणे दिसल्यास, "मुलगे उशिराच बोलतात" या समजुतीवर विसंबू नये. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येते. त्यास स्पष्ट सांगावे.

दुसरी गोष्ट, खात्रीचा इलाज विकणाऱ्यापासून सावध राहावे. स्वमग्नता समूळ घालविणारे औषध नाही. परंतु शिकविण्याने मूल पुढे जाते. वाचा-उपचार, विशेष शिक्षक आणि घरची शिस्त यांचा उपयोग होतो. लहान वाक्यांत बोलावे, चित्रे दाखवून दिवसाचा क्रम आधी समजावून द्यावा, आणि तो क्रम सहसा मोडू नये.

तिसरी गोष्ट, हक्क मागावा. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत त्याची नोंद केली. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक ठरल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांतही या गटास वाटा आहे. परंतु यासाठी प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता धरावा. नावाची नोंद नाही त्याला वाटा नाही, हे आपल्याहून अधिक कोण जाणतो?

चौथी गोष्ट सर्व समाजाने करावयाची आहे. १४ एप्रिलला आपल्या वस्तीत कर्णे लागतात. ज्या घरात असे मूल आहे त्या घरासमोर कर्णा बंद ठेवावा. विहारात एक शांत कोपरा त्याच्यासाठी असावा. वंदनेच्या वेळी ते उठून फिरू लागले तर कोणी डोळे वटारू नयेत. यास पैसा लागत नाही. लागते ती करुणा.

रामवाडीवरून जाणारा हाच महामार्ग पुढे महाडास जातो. तेथे २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, तो केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे. सार्वजनिक ते सर्वांचे, हे सिद्ध करण्यासाठी. शाळा सार्वजनिक आहे, रस्ता सार्वजनिक आहे, विहार आपला आहे. पिढ्यान्‌पिढ्या पंक्तीबाहेर बसण्याचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांनीच आपल्या लेकरास पाहुण्यांपासून लपवून मागल्या खोलीत बसवावे काय?

त्याचा हात धरा आणि त्यास बाहेर आणा. लोक पाहतील. पाहू द्या.