महामार्गाला पालिकेचा पाठिंबा, पण पालिका म्हणजे कोण?

पूर्व द्रुतगती महामार्ग म्हटले की बाकीच्या मुंबईला ठाण्याकडची वाहतूक कोंडी आठवते. आम्हाला ११ जुलै १९९७ आठवतो. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, निषेधासाठी लोक महामार्गापाशी जमले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण मारले गेले. आज त्याच वस्तीच्या दारात नवा रस्ता येऊन ठेपला आहे.

छेडानगरपाशी संपणारा पूर्व मुक्तमार्ग ठाण्याच्या आनंदनगरपर्यंत, सुमारे १३ किलोमीटर, उन्नत मार्गाने वाढवण्याचे काम एमएमआरडीएने हाती घेतले आहे. त्याच्या वाटेत रमाबाई नगरातली घरे येतात. म्हणून एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, मिळून ही वस्ती आणि शेजारचे कामराज नगर यांचा पुनर्विकास करणार आहेत. यात हजारो कुटुंबांचा प्रश्न आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, आम्ही रस्त्याच्या विरोधात नाही. पावसाळ्यात पाणी शिरणाऱ्या खोलीऐवजी पक्के घर मिळावे, हा आमच्या माणसांचा हक्कच आहे. आमचा आक्षेप एका वाक्याला आहे. अशा प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी सांगितले जाते की, ‘स्थानिक स्वराज्य संस्थांचा याला पाठिंबा आहे.’ कोणाचा पाठिंबा? कोणी दिला?

७४व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची आली. नगरनियोजन, रस्ते व पूल, झोपडपट्टी सुधारणा हे तिन्ही विषय त्या यादीत आहेत. याच दुरुस्तीने शहरांच्या सभागृहात अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव ठेवल्या. म्हणजे आमच्या घरावरून रस्ता न्यायचा की नाही, या चर्चेत आमचा माणूस बसलेला असावा, अशी ही तरतूद आहे.

प्रत्यक्षात काय झाले? मुंबई आणि ठाणे या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षे प्रशासक राज होते. ना नगरसेवक, ना सभागृह, ना राखीव प्रभागाचा प्रतिनिधी. या रस्त्याचे आणि या पुनर्विकासाचे कळीचे निर्णय याच काळात झाले. एमएमआरडीए तर १९७४ च्या कायद्याने आलेले प्राधिकरण, मतदार त्याला थेट निवडून देतच नाहीत. ज्या काळात स्थानिक स्वराज्यच स्थगित होते, त्या काळातल्या सहीला स्थानिक पाठिंबा म्हणणे ही लोकशाहीची थट्टा आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, पण घर मिळतेय ना?’ मिळतेय, पण कोणाला? एसआरएच्या नियमाने १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला घर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्याला पैसे भरून, आणि त्यापुढच्याला काहीच नाही. पोटमाळ्यावर संसार थाटलेले कुटुंब तर हिशेबातच धरले जात नाही. पुलाच्या खांबाला घर कोणत्या वर्षीचे हे कळत नाही. रस्ता सगळ्यांच्याच घरावरून जाणार, मात्र पात्र-अपात्र आमच्यातलेच ठरणार. एकाच गल्लीतले, एकाच विहारात वंदनेला बसणारे लोक अशा रीतीने दोन यादींत विभागले जातात आणि चळवळ तिथेच मोडते.

आणि हा रस्ता वापरणार कोण? आजच्या पूर्व मुक्तमार्गावर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. वस्तीतला पोरगा डिलिव्हरीसाठी दुचाकी चालवतो, त्याचा बाप रिक्षा चालवतो. हाच नियम पुढे लागू झाला तर ज्यांनी घर दिले, त्यांनी पुलाखालच्या कोंडीतूनच जायचे!

आता सभागृहे अस्तित्वात आली आहेत. म्हणून नव्या नगरसेवकांकडे, ते कोणत्याही पक्षाचे असोत, आमच्या तीन मागण्या आहेत. पुनर्वसनाचा आराखडा वस्तीत, मराठीत, जाहीर सभेत मांडा. अपात्र ठरवलेल्या प्रत्येक कुटुंबाला कारण लेखी द्या आणि पाडकामापूर्वी अपिलाचा निकाल लावा. शहिदांचे स्मारक, पुतळा आणि विहारे यांची जागा नकाशावर आधी दाखवा, इमारती नंतर.

तरुण मित्रांनो, नुसती घोषणाबाजी करून हे होणार नाही. परिशिष्ट-२ म्हणजे पात्र-अपात्र यादी, ती मिळवा. गल्लीनिहाय वाचा. कोणाचे नाव सुटले, कोणाचा कोणता कागद कमी पडतो, याची वही करा. म्हाताऱ्या आजीचा अर्ज तुम्ही लिहा. माहिती अधिकार वापरा. इमारतीच्या लिफ्टचा, पाण्याच्या पंपाचा खर्च दहा वर्षांनी कोण भरणार, हे आजच विचारा.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा विरोधाभास फार काळ चालू ठेवला तर लोकशाहीच धोक्यात येईल. आमचे मत मोजायचे आणि घर मोजायचे नाही, हा तोच विरोधाभास आहे. रस्ता जरूर रुंद करा. पण निर्णयाच्या खोलीचे दारही तेवढेच रुंद झाले पाहिजे, आणि ते उघडून घेण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.

जय भीम! जय संविधान!