निकाल वेळेत लावा, पैसा वसूल करा, परतीचं दार बंद करा!
छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकांना आवाहन

शहरवासीयांनो,

आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. त्यानंतर जवळपास सहा वर्षं शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि ११५ जागांचं सभागृह पुन्हा अस्तित्वात आलं. आता विषय सर्वसाधारण सभेत येतील, निविदा स्थायी समितीपुढे जातील, ठेके निघतील. रक्कमही लहान नाही. एकट्या पाणीपुरवठा योजनेची किंमत १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेली आहे. एवढ्या पैशांत जायकवाडीचं पाणी नक्षत्रवाडीमार्गे घराघरात पोहोचायचं आहे, आणि आपण अजून 'पाणी कितव्या दिवशी?' हेच एकमेकांना विचारतोय.

किंमत वाढण्याला कारणं असतील. त्यात कुणी पैसा खाल्ला, असा आरोप या आवाहनात केलेला नाही. मात्र हिशेब मागायची वेळ हीच आहे. पैसा हातचा गेल्यावर काय होतं, हे महाराष्ट्राने पुन्हा पुन्हा पाहिलंय.

भ्रष्टाचाराचा विषय निघाला की गुलमंडीपासून सिडकोपर्यंत एकच सूर लागतो: 'यांना भर चौकात फाशी द्या.' राग समजण्यासारखा आहे, पण दुखणं दुसरीकडे आहे. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात आजही लाच घेणाऱ्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. पदाचा गैरवापर करून मालमत्ता हडपणाऱ्याला किंवा बेहिशेबी संपत्ती जमवणाऱ्याला चार ते दहा वर्षं. कायद्याच्या पुस्तकात शिक्षा कमी नाही. ती मिळायला किती वर्षं लागतात, लुटलेल्या पैशांचं काय होतं आणि शिक्षा भोगून आलेला माणूस पुन्हा कुठे बसतो, हे तीन प्रश्न आहेत.

जळगावचं घरकुल प्रकरण घ्या. जळगाव जिल्हा आपल्याच औरंगाबाद खंडपीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. तिथल्या नगरपालिकेने नव्वदच्या दशकात गरिबांसाठी ११ हजारांवर घरं बांधायची योजना आखली, त्यासाठी कर्ज काढलं, ठेकेदाराला कोट्यवधींची उचल दिली. घरं उभी राहिली जेमतेम दीड हजार. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली मार्च २०१२ मध्ये. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला ३१ ऑगस्ट २०१९ ला. ४८ जण दोषी ठरले, जैन यांना सात वर्षं कैद आणि १०० कोटी रुपये दंड, दुसरे माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षं. फिर्यादीपासून निकालापर्यंत १३ वर्षं गेली. ज्या कुटुंबाला त्या घरात राहायला जायचं होतं, त्यातली लेकरं तोवर स्वतः आईबाप झाली असतील.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं प्रकरण २००१-०२ चं. सरकारी रोखे घेण्यासाठी शेतकऱ्यांच्या बँकेचा पैसा खासगी दलाल कंपन्यांकडे गेला. रोखेही मिळाले नाहीत आणि पैसाही परत आला नाही. व्याजासह हा आकडा दीडशे कोटींवर गेला. त्यांतल्याच होम ट्रेड या कंपनीच्या व्यवहारात आपल्या मराठवाड्यातली उस्मानाबाद जिल्हा बँकही पोळली होती. नागपूरच्या खटल्यात बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांना २२ डिसेंबर २०२३ ला पाच वर्षं कैद आणि साडेबारा लाख रुपये दंड झाला. आमदारकी गेली. मधल्या दोन दशकांत ते आमदार राहिले, मंत्रीही झाले. आता दोन्ही दंड शेजारी ठेवून बघा. जळगावात साधारण २९ कोटींच्या अपहारात १०० कोटींचा दंड, नागपुरात दीडशे कोटींच्या प्रकरणात साडेबारा लाखांचा. कायदे आणि कलमं वेगळी होती, हे मान्य. पण ठेवीदार शेतकऱ्याला कलम कळत नाही, त्याला त्याचा पैसा कळतो.

नाशिकचं प्रकरण आणखी बोलकं आहे. मुख्यमंत्र्यांच्या कोट्यातल्या सदनिका खोट्या कागदपत्रांवर मिळवल्याचा १९९५ मधला गुन्हा. निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. दोन वर्षं कैद, ५० हजार रुपये दंड. दोषी ठरले तेव्हा माणिकराव कोकाटे राज्याचे कृषिमंत्री होते. डिसेंबर २०२५ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली आणि मंत्रिपद गेलं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे आमदारकी वाचली. अपील करणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, या सर्वांनी तो वापरलाय आणि त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पहिल्याच पायरीवर तीस वर्षं जाण्याबद्दल.

जो बोलतो त्याचं काय होतं, तेही आठवा. युती सरकारातले समाजकल्याणमंत्री बबनराव घोलप यांच्यावर अण्णा हजारेंनी आरोप केले. घोलपांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १९९८ मध्ये तुरुंगात जावं लागलं ते अण्णांना. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तेव्हा लोक म्हणाले. बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात घोलपांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली गेली मार्च २०१४ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. शिर्डीची लोकसभेची उमेदवारी हातची गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देवळालीतून त्यांचे चिरंजीव आमदार झाले. चिरंजीवांवर तो गुन्हा नव्हता, त्यांना उभं राहण्याचा पूर्ण हक्क होता. पण निवडून कुणी दिलं? आपल्यासारख्या मतदारांनीच.

दुसरीकडे दक्षिण कोरिया पाहा. राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांना मार्च २०१७ मध्ये पदावरून दूर केलं गेलं आणि एप्रिल २०१८ मध्ये २४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पुढे २०२१ च्या अखेरीस त्यांना माफी मिळाली, म्हणजे तिथेही सगळं आलबेल नाही. तरी देशाच्या सर्वोच्च पदावरच्या व्यक्तीच्या खटल्याचा पहिला निकाल तिथे साधारण वर्षभरात लागला. आपल्याकडे जिल्हा बँकेच्या अध्यक्षाच्या खटल्याला २१ वर्षं लागतात.

म्हणून आपल्या मागण्या चार आहेत. त्या आपल्या आमदारांना, खासदारांना आणि सरकारला लेखी कळवा.

पहिली मागणी वेळेची. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यानेच खटला दोन वर्षांत संपवायला सांगितलंय. मुदतवाढ धरूनही सहसा चार वर्षांच्या पुढे जायचं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आमदार-खासदारांवरच्या खटल्यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी उच्च न्यायालयांवर टाकली. मराठवाड्यातल्या अशा प्रत्येक खटल्याची स्थिती दर महिन्याला जाहीर व्हावी. किती तारखा पडल्या आणि त्या कुणी मागितल्या, हे लोकांना दिसू द्या.

दुसरी मागणी मंजुरीची. चौकशीआधी आणि खटल्याआधी सरकारची परवानगी लागते. ती तीन महिन्यांत, फार तर चार महिन्यांत द्यायची की नाकारायची, हे कायद्यात लिहिलंय. कोणाची फाईल किती दिवसांपासून अडकली आहे, याची यादी मंत्रालयाने प्रसिद्ध करावी.

तिसरी मागणी वसुलीची. दंड ठरवताना हडपलेल्या मालमत्तेची किंमत बघा, असं हाच कायदा सांगतो. लोकप्रतिनिधीने केलेल्या प्रत्येक अपहारात, गुन्हा कुठल्याही कायद्याखाली असो, नुकसानीइतकी रक्कम वसूल झालीच पाहिजे. तुरुंगवास भोगून बाहेर आल्यावर बंगला, कारखाना आणि जमीन जागच्या जागी असेल, तर शिक्षा झाली ती ठेवीदाराला.

चौथी मागणी परतीच्या दाराची. लाच घेताना सापडलेल्या तलाठ्याला कोर्टाने शिक्षा केली, तर विभागीय चौकशीशिवायही त्याला बडतर्फ करता येतं, आणि सरकारी नोकरीची वाट त्याच्यासाठी बंद होते. कायदे करणारा आमदार मात्र सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवू शकतो. आजन्म बंदीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. हा विषय संसदेच्या अखत्यारीतला आहे, अशी भूमिका केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतली. ठीक आहे, मग संसदेने ठरवावं. भ्रष्टाचाराची शिक्षा अपिलात कायम झाली की निवडणूक कायमची बंद, एवढी दुरुस्ती आपल्या खासदारांनी मांडावी.

हे झालं सरकारकडे मागायचं. आपल्या हातातलं आता सांगतो, कारण ते आजपासून करता येतं.

तुमच्या गल्लीत नुकताच रस्ता झाला असेल, तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज टाका. तीन कागद मागा: कार्यादेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे ठेकेदार ज्याला 'एमबी' म्हणतात ती, आणि अदा केलेलं बिल. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. एमबीमध्ये रस्त्याची लांबी, रुंदी, थराची जाडी, मोजणीची तारीख आणि अभियंत्याची सही असते. टेप घेऊन चार शेजारी रस्त्यावर उतरा आणि लांबी-रुंदी मोजा. फरक निघाला तर फोटो आणि कागद जोडून आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या, आवक क्रमांक घ्या. टक्केवारी कागदावर कधीच लिहिलेली नसते. पण ती जिथून निघते तो कमी पडलेला थर कागदावर सापडतो.

आपल्या वॉर्डातले ठेके कुणाच्या नावावर निघतात, तेही बघत राहा. महापालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाने स्वतः किंवा भागीदारामार्फत हितसंबंध ठेवले, तर त्याचं पद जाऊ शकतं. महापालिका कायद्याच्या दहाव्या कलमातच ती तरतूद आहे.

कुणी लाच मागितली तर १०६४ वर फोन करा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा हा टोल फ्री क्रमांक आहे. नाइलाजाने द्यावी लागली असेल तरी सात दिवसांच्या आत कळवा. तसं केलं तर देणारा गुन्हेगार ठरत नाही, गप्प बसला तर ठरू शकतो. आणि सापळ्यात पंच किंवा साक्षीदार असाल, तर कोर्टात फितूर होऊ नका. निकाल लांबतो तसे साक्षीदार दमतात, त्यांच्यावर दबाव येतो, ओळखीपाळखी आड येतात. एक साक्ष फिरली की पोलिसांची कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात जाते.

शेवटची गोष्ट कडू आहे, पण बोललीच पाहिजे. निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकीट वाटणारा आणि ते घेणारा, दोघंही कायद्याने गुन्हेगार आहेत. मतामागे पैसे मोजून निवडून आलेला माणूस ते पैसे टाकीच्या, रस्त्याच्या, ड्रेनेजच्या कामातूनच काढणार. त्याला निवडून देऊन पुन्हा त्याच्याच शिक्षेची मागणी करायची, हे आपल्याला शोभत नाही. विधानसभेच्या उमेदवाराच्या नमुना २६ च्या शपथपत्रात प्रलंबित गुन्हे, झालेली शिक्षा, पाच वर्षांचं उत्पन्न आणि सरकारशी केलेले करार लिहिलेले असतात. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत असं शपथपत्र घरात मोठ्याने वाचा, मगच मत ठरवा.

नव्या सभागृहाच्या कामाला आत्ता कुठे सुरुवात झाली आहे. सवयी पहिल्या वर्षातच लागतात, नगरसेवकांनाही आणि आपल्यालाही. म्हणून या आठवड्यात दोनच कामं करा. आपल्या गल्लीतल्या एका कामाचा माहिती अधिकारात अर्ज टाका आणि चार मागण्यांचं पत्र आपल्या आमदार-खासदारांना पाठवा. दोन्हींची पोच जपून ठेवा. कारण पुढच्या वेळी मत मागायला ते दारात आले, की पहिला प्रश्न हाच विचारायचाय: 'आमच्या पत्राचं काय केलंत?'