हॉटेलांची चित्रकार्डे

जुन्या भव्य हॉटेलांची चित्रकार्डे आम्ही जमवितो, हे कळल्यावर कापूरहोळातील आमचे शेजारी हसतात. सेवानिवृत्त शिक्षकास परान्नाच्या या चित्रांशी काय कर्तव्य, असा त्यांचा प्रश्न असतो. आमचे उत्तर एवढेच की, ही कार्डे नुसती पाहावयाची नसून वाचावयाची असतात.

मुंबईचे ताजमहाल हॉटेलच घ्या. ते १९०३ साली उघडले. समोरच्या गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन १९२४ साली झाले, आणि शेजारच्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी उभारलेला मनोरा १९७३ सालचा. चित्रात धक्का मोकळा असेल, तर ते गेटवेच्या उभारणीपूर्वीचे. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीसही प्रमाण मानतात, ते असे. मात्र ती अनुपलब्धी 'योग्य' हवी. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचाच अभाव सिद्ध होतो; ती जागाच चित्रात नसेल, तर काहीच सिद्ध होत नाही.

मग कार्ड उलटावे. प्रारंभी पाठीवर केवळ पत्ता लिहीत व मजकूर चित्राच्या बाजूस कोंबीत. १९०२ साली इंग्लंडने पाठ दुभागण्याची मुभा दिली; इतर देशांनी तिचे अनुकरण केले. टपालाचा शिक्का कार्ड कधी धाडले ते सांगतो, चित्र कधी काढले ते नव्हे. एकच चित्र प्रकाशक वर्षानुवर्षे विकीत असत.

हा केवळ बुद्धिविलास नव्हे. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचे वॉटसन्स हॉटेल मुंबईत १८७१ साली उघडले. ७ जुलै १८९६ रोजी तेथेच लुमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली. पुढे हॉटेल मोडले; २००५ साली इमारतीच्या पश्चिम दर्शनी भागाचा अंश कोसळला, आणि २०१९ साली ती पाडावी की राखावी हा वाद उच्च न्यायालयात गेला. अशा वास्तूचे मूळ सज्जे कसे होते, हे सांगण्यास जुने चित्रकार्ड उपयोगी पडते.

यास्तव वाचकांस एक विनंती. आजोबांच्या पेटीत अशी कार्डे आढळल्यास ती रद्दीत घालू नयेत. मुलांस तिकिटांचा छंद असला, तरी तिकीट कापू देऊ नये. त्याबरोबर शिक्का व तारीख दोन्ही जातात. कार्ड वहीत खळीने चिकटवू नये. चार कोपरे कागदी खाचांत अडकवावेत, म्हणजे पाठही वाचता येते.