चवळीला हमीभाव नाही, मग तिचा भाव ठरवते कोण? शिजणारा दाणा आणि आपली साठवण

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी कडधान्य आत्मनिर्भरता अभियानाला मंजुरी दिली. सहा वर्षांसाठी ११,४४० कोटी रुपयांची तरतूद आणि २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट, असा त्याचा आवाका आहे. नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांकडून नाफेड आणि एनसीसीएफ या संस्था चार वर्षे शंभर टक्के खरेदी करतील, असेही जाहीर झाले. मात्र ही खरेदी तूर, उडीद आणि मसूर या तीन पिकांपुरती आहे.

चवळी यात कुठे बसते? हमीभावाच्या यादीत कडधान्ये पाचच आहेत: तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर. खरीप २०२५-२६ साठी तुरीला क्विंटलला ८,००० रुपये, मुगाला ८,७६८ रुपये आणि उडदाला ७,८०० रुपये असा आधार आहे. चवळी, मटकी, कुळीथ आणि वाल या यादीबाहेर आहेत. त्यामुळे चवळीचा बाजार पडला तर खाली धरायला आधार नाही.

अशा पिकाचा भाव शेवटी गिऱ्हाईकच ठरवते. गिऱ्हाइकाची चवळीबद्दलची सर्वात मोठी तक्रार रंगाची किंवा आकाराची नसते. ती असते, ‘शिजतच नाही हो’. ही तक्रार जिथे जन्माला येते ती जागा बहुतेक वेळा आपल्या खळ्यात, घरात किंवा गोदामात असते. म्हणून आज पेरणीपेक्षा काढणीनंतरच्या कामावर बोलू.

कुकर झाकतो, मंद आच उघडे पाडते

आपल्याकडे चवळी प्रेशर कुकरमध्ये शिजते. आत तापमान ११५ ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि जुना, कडक झालेला दाणाही दोन-तीन शिट्ट्या जास्त दिल्या की दबतो. दाण्याचा दोष त्यात लपून जातो.

परदेशात आणि आता आपल्या शहरांतही वेगळे भांडे वापरात आले आहे: विजेवर चालणारा स्लो कुकर. जुन्या चुलीच्या मागच्या वैलावर आमटी ठेवून शेताला जायची पद्धत होती, तेच काम हे भांडे करते. सकाळी दाणे टाकायचे, कामावर जायचे, संध्याकाळी उसळ तयार. यात दाब नसतो. तापमान हळूहळू चढते आणि उकळबिंदूच्या थोडे खालीच राहते. ताजी चवळी यात फार छान शिजते. दाणा अख्खा राहतो, साल सुटत नाही, रस दाट होतो. जुनी चवळी मात्र सात-आठ तासांनंतरही दाताखाली कचकचते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात नववर्षाच्या दिवशी चवळी खाणे शुभ मानतात. भातासोबतच्या त्या पदार्थाला ‘हॉपिन जॉन’ म्हणतात. चवळी मूळची आफ्रिकेची. गुलामगिरीच्या काळात आफ्रिकी माणसांबरोबर ती तिकडे पोचली आणि आज तिथल्या अनेक घरांत ती स्लो कुकरमध्येच शिजते. परदेशात राहणारी मराठी कुटुंबेही भारतीय दुकानातून चवळी घेतात. अशा भांड्यात शिजवणाऱ्या गिऱ्हाइकाला दाण्याचे वय लगेच कळते. जो शेतकरी किंवा शेतकरी कंपनी थेट विक्री करते, तिने हे ध्यानात ठेवावे. कुकरमध्ये चालून जाणारा माल मंद आचेच्या भांड्यात उघडा पडतो.

दाणा शिजत का नाही?

कडकपणा दोन प्रकारचा असतो. दोन्हींची कारणे वेगळी, उपायही वेगळे.

पहिला, दगडी दाणा. हा भिजतच नाही. रात्रभर पाण्यात ठेवला तरी जसाच्या तसा. सालीतून पाणी आत शिरत नाही. फार कोरड्या हवेत, गरजेपेक्षा जास्त वाळलेल्या मालात असे दाणे वाढतात. गावाकडे याला गारगोटी, गणंग अशी नावे आहेत.

दुसरा, भिजतो पण मऊ होत नाही असा दाणा. आपला मोठा प्रश्न हाच आहे. दाण्यातील पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळते, पेशी सुट्या होतात आणि दाणा मऊ लागतो. माल उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिला की दाण्यातील फायटेट हा घटक विघटित होतो. त्याने धरून ठेवलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळे होऊन पेक्टिनला बांधून टाकते. मग पाणी आत जाते, पण पेशी सुटत नाहीत. तापमान ३० अंशांच्या वर आणि हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेल तर ही क्रिया वेगाने होते.

आता आपल्या घरातील जागा आठवा. पत्र्याखालचा माळा, एप्रिल-मेचे ऊन, त्यानंतर जून-जुलैची दमट हवा. कोकणात भातानंतर घेतलेली चवळी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येते आणि विक्रीची खरी मागणी श्रावण-गणपतीत असते. मधल्या पाच-सहा महिन्यांत दाण्याला नेमके तेच हवामान मिळते, जे त्याला कडक करते. हा दोष एकदा आला की नंतर वाळवून किंवा चाळून जात नाही. तो टाळावाच लागतो.

काढणी ते साठवण: हे करा

- शेंगा एकदम तयार होत नाहीत. दोन-तीन तोडे करा. वाळलेली शेंग झाडावर ठेवली तर तडकते आणि अवकाळी पाऊस आला तर दाणा काळवंडतो.
- ताडपत्रीवर पातळ थरात वाळवा. डांबरी रस्त्यावर नको. दाण्यातील ओलावा ९ ते १० टक्क्यांवर आणा. ओलावामापक नसेल तर दाणा दाताखाली धरा; दबला तर ओला, कट्‌कन तुटला तर तयार.
- वाळवलेला माल गरम असताना पोत्यात भरू नका. सावलीत निवू द्या, मग भरा.
- तोडावार माल वेगळा ठेवा. जुना आणि नवा माल कधीही मिसळू नका. दहा किलोंत दोन किलो जुने दाणे असतील तर भांड्यात अर्धे गळतात, अर्धे कडक राहतात आणि गिऱ्हाईक सगळाच माल वाईट म्हणते.
- पोती जमिनीवर, भिंतीला टेकून किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. घरातली सर्वात थंड, कोरडी खोली चवळीला द्या.

भुंगेरा आणि हवाबंद पिशवी

चवळी टिकत नाही याचे दुसरे कारण भुंगेरा. त्याची सुरुवात शेतातच होते. मादी तयार शेंगांवर किंवा दाण्यावर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि आपण कीड घरी घेऊन येतो. उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत एक पिढी पूर्ण होते. म्हणजे तीन महिन्यांत तीन पिढ्या. याच भीतीने शेतकरी काढणी झाल्याझाल्या पडेल भावाने माल विकतो.

यावर सर्वात उपयोगी पडलेला उपाय चवळीच्याच निमित्ताने शोधला गेला. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतील कॅमेरूनमध्ये तीन थरांची हवाबंद पिशवी विकसित केली. आत दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, बाहेर विणलेले पोते. प्रत्येक थर वेगळा आवळून बांधायचा. आतली कीड उरलेला प्राणवायू वापरून टाकते आणि नंतर तिची वाढ थांबते. औषध लागत नाही. पश्चिम आफ्रिकेत, जिथे नायजेरिया आणि नायजर हे चवळीचे जगातील सर्वात मोठे उत्पादक आहेत, तिथे ही पद्धत गावोगावी पोचली.

आपल्याकडेही हवाबंद पिशव्या मिळतात. थोडा माल असेल तर घट्ट झाकणाचा, खाद्यपदार्थांसाठीचा प्लास्टिक ड्रम तोंडापर्यंत भरून वापरता येतो. अर्धा रिकामा ड्रम उपयोगाचा नाही, कारण आत हवा उरते. पिशवी दर आठवड्याला उघडून पाहू नका. ओला माल तर तिच्यात मुळीच भरू नका, बुरशी येईल.

एक लक्षात घ्या. हवाबंद पिशवी कीड थांबवते आणि बाहेरचा दमटपणा आत येऊ देत नाही. उष्णता मात्र थांबवत नाही. म्हणून पिशवीही थंड जागीच हवी.

घरापुरत्या चवळीला किलोमागे ५ मिलि खाद्यतेल चोळले तरी भुंगेऱ्याची अंडी मरतात. बाजाराच्या मालाला हे करू नका, दाणा मळकट दिसतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. त्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो.

विक्रीआधी शिजवण चाचणी

उगवणक्षमता तपासल्याशिवाय आपण बियाणे पेरत नाही. तसेच, शिजवून पाहिल्याशिवाय चवळी विकू नये. चाचणी कोणत्याही घरात होते.

१. प्रत्येक साठ्यातून वर, मध्ये आणि तळातून मिळून १०० दाणे घ्या.
२. आठ तास साध्या पाण्यात भिजवा. न फुगलेले दाणे मोजा. हे दगडी दाणे.
३. फुगलेले दाणे उघड्या भांड्यात उकळत्या पाण्यात ४५ मिनिटे शिजवा. प्रेशर कुकर वापरू नका, तो दोष झाकतो.
४. प्रत्येक दाणा अंगठा आणि बोटात दाबा. न दबणारे दाणे मोजा.

काढणीनंतर लगेच एकदा आणि पुढे दर महिन्याला एकदा ही चाचणी करा, आकडे वहीत लिहा. न दबणाऱ्या दाण्यांचा आकडा चढू लागला की तो साठा आधी विका. पाणी प्रत्येक वेळी एकाच विहिरीचे किंवा नळाचे घ्या. जड पाण्यात कॅल्शियम जास्त असते, त्यात चांगला दाणाही उशिरा शिजतो आणि आकडे चुकतात.

विस्तार कार्यकर्त्यांना विनंती: शेतीशाळेत ही चाचणी करून दाखवा. एका गावातील माळ्यावरचा माल आणि थंड खोलीतील माल शेजारी-शेजारी शिजवा. फरक लोक बोटांनीच ओळखतील.

गिऱ्हाइकाला काय सांगाल?

थेट विक्री करत असाल तर पाकिटावर काढणीचा महिना लिहा आणि शिजवण्याची कृती द्या. मंद आचेच्या भांड्यासाठी ती अशी:

- एक वाटी चवळी, लिटरमागे एक चमचा मीठ घातलेल्या पाण्यात सहा ते आठ तास भिजवा. मिठातील सोडियम कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ पडते. नंतर पाणी फेकून द्या.
- ताज्या पाण्यात दहा मिनिटे खळखळ उकळा, मग साधारण तीन वाट्या पाण्यासह स्लो कुकरमध्ये घाला. या भांड्यात वाफ फारशी उडत नाही, पाणी बेताचेच लागते.
- ‘हाय’वर तीन ते चार तास, ‘लो’वर सहा ते सात तास.
- चिंच, आमसूल, टोमॅटो दाणा मऊ झाल्यावरच घाला. आंबटपणाने पेक्टिन विरघळत नाही आणि दाणा अडून बसतो.
- चिमूटभर सोड्याने दाणा लवकर शिजतो, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि चव उतरते. ताज्या मालाला सोडा लागत नाही.

राजमाबाबत मात्र सावध करा. कच्च्या राजम्यातील लेक्टिन हे द्रव्य विषारी असते आणि मंद आचेवर ते पूर्ण नष्ट होत नाही. राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नये. आधी अर्धा तास चांगला उकळावा. चवळीत हे द्रव्य राजमाच्या मानाने खूप कमी असते, तरी वरची दहा मिनिटांची उकळी सोडू नये.

पुढे काय?

चवळीचे पीक मोडीत काढण्यासारखे नाही. कोकण सदाबहार, कोकण सफेद, फुले पंढरी असे आपल्या विद्यापीठांचे वाण हाताशी आहेत. कमी पाण्यात, दोन-अडीच महिन्यांत येणारे, जमिनीला नत्र देणारे हे पीक आहे. गोव्यात भातानंतर घेतलेल्या टपोऱ्या अळसांद्यांना स्थानिक बाजारात साध्या चवळीपेक्षा वरचा भाव मिळतो. तोणाक करणाऱ्या घरांना हा दाणा कसा शिजतो हे माहीत आहे, म्हणून ती चार पैसे जास्त देतात. त्यामागे कोणताही हमीभाव नाही.

चवळीला हमीभावाच्या यादीत घ्यावे ही मागणी रास्त आहे आणि ती शेतकरी संघटनांनी लावून धरावी. पण यादीत नाव येईपर्यंत आपल्या हातात दोन गोष्टी आहेत: माल थांबवून धरण्याची क्षमता आणि तो शिजेल ही खात्री. दोन्ही थंड, कोरड्या, हवाबंद साठवणीतून येतात. या हंगामात निदान एक क्विंटल चवळी अशी ठेवा, दर महिन्याला शंभर दाणे शिजवा आणि गणपतीच्या आधी व्यापाऱ्याशी बोलताना ती वही सोबत न्या.