‘ही डॉक्टर आहे की नाही?’

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बू एका संध्याकाळी घरी आले आणि बसण्याआधीच म्हणाले, “सर, ही डॉक्टर आहे की नाही, एवढंच सांगा.”

लेकीने एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली होती. त्यासाठी अब्बूंनी कर्ज काढले होते. आता आठ महिने ती घरीच होती. अर्ज पुष्कळ केले, बोलावणे एकाही ठिकाणाहून नाही. नातेवाईक स्थळे सुचवू लागले होते.

डॉक्टर समोरच्या रुग्णाला बरे करतो. सार्वजनिक आरोग्याचे काम करणारा माणूस आजार एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाऊ नये, हे पाहतो. एवढे आम्ही अब्बूंना समजावले. पण नोकरी नेमकी कुठे शोधायची, हे आम्हालाही सांगता येईना. शिक्षकाचे मार्गदर्शन बहुधा दहावी-बारावीपर्यंतच पुरते, हे कबूल केलेले बरे. म्हणून आम्ही तिला करिअर मार्गदर्शन करणाऱ्या एका अनुभवी बाईंकडे घेऊन गेलो.

बायोडेटात पदवी, टक्के आणि छंद होते. बाईंनी विचारले, “इंटर्नशिपमध्ये काय केलंस?”

2022 च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला, तसेच भिवंडी आणि मालेगावला गोवरची साथ आली होती. तेव्हा ही मुलगी मालेगावात घरोघर फिरून लस न घेतलेल्या बालकांची यादी करत होती. यंत्रमागांच्या खडखडाटात आयांशी उर्दूत बोलायची आणि रात्री मराठीत अहवाल लिहायची. ज्या घरातून नकार आला, तिथे पुन्हा जायची.

“मग हे बायोडेटात का नाही?”

“त्यात काय लिहायचं मॅडम? आपल्याच मोहल्ल्यातलं काम होतं ते.”

“अगं, तेच तर लिहायचं!”

पुढे तीन बैठका झाल्या. साथरोग सर्वेक्षण, आरोग्य प्रशासन, संशोधन या वाटा वेगवेगळ्या आहेत. सगळीकडे एकच बायोडेटा धाडून चालत नाही, हे तिला उमगले. राष्ट्रीय आरोग्य अभियान, महापालिका, स्वयंसेवी संस्था यांच्या जाहिराती कशा वाचायच्या, नेमणूक कंत्राटी असेल तर मुदत आणि फिरती याबद्दल मुलाखतीत कसे विचारायचे, याचा सराव झाला. आज ती साथरोग सर्वेक्षणाचे काम करते. नोकरी कंत्राटी आहे, पण कर्जाचे हप्ते तीच भरते. अब्बू आता लोकांना सांगतात, “डॉक्टर नाही, पण साथ कुठे वाढतेय, ते हिला आधी कळतं.”

गोवंडीजवळच देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही तिथेच आहे. दारे इतकी जवळ असली तरी आत काय शिकवतात आणि शिकून पुढे काय करता येते, हे सांगणारे कोणी लागते.

पालकांना आमची एवढीच विनंती, की मार्गदर्शकाकडे पदवीनंतर नव्हे, पहिल्याच वर्षी जा. आधी कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात विचारा, तिथून शिकून गेलेल्या मुलामुलींना भेटा. याला पैसे लागत नाहीत. नोकरीची हमी देऊन रक्कम मागणाऱ्यापासून मात्र लांब राहा. चांगला मार्गदर्शक नोकरी देत नाही. आपल्या मुलांकडे काय आहे, ते त्यांना दाखवून देतो.