गोळीबंद

नाताळच्या आठवड्यात वर्गाने कॉलेजात खाऊचा स्टॉल लावायचं ठरवलं आणि चॉकलेट फज करायचं काम मी अंगावर घेतलं. ‘कंडेन्स्ड मिल्कमध्ये चॉकलेट वितळव, फ्रीजमध्ये ठेव, झालं!’ असं मित्रांचं म्हणणं. ती वडीही चांगली लागते, पण मला जुन्या पद्धतीचं फज करायचं होतं. २ कप साखर, १ कप दूध, अर्ध्या कपाला थोडा कमी कोको, चिमूटभर मीठ आणि शेवटी लोणी.

या फजचा इतिहासही कॉलेजातलाच आहे. अमेरिकेतल्या व्हासार या मुलींच्या कॉलेजात एमलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीने १८८८ साली कॉलेजच्या लिलावासाठी ३० पौंड फज केलं होतं. तिथून ते मुलींच्या इतर कॉलेजांत पसरलं.

माझी पहिली खेप मात्र वाया गेली. इंग्रजी कृतीत लिहिलं होतं, मिश्रण ‘सॉफ्ट बॉल’ होईपर्यंत, म्हणजे ११२ ते ११५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळा. आमच्या घरी ताप बघायचा सोडून दुसरा थर्मामीटर नाही. अंदाजाने पातेलं उतरवलं आणि गरम असतानाच घोटत बसलो. खाल्लं तर दाताखाली साखर कचकच!

आजी बाजूला बसून सगळं बघत होती. म्हणाली, “वाटीत गार पाणी घे की रे. एक थेंब सोड. बोटांत मऊ गोळी वळली की उतरव. गोळीबंद पाक म्हणतात त्याला.”

आजीने जन्मात फज केलेलं नाही. पण मी जे इंग्रजीत शोधत होतो, ते तिच्याकडे मराठीत तयार होतं.

दुसऱ्या खेपेला लोणी वर सोडलं आणि पातेल्याला हातच लावला नाही. गरम पाक ढवळला की साखरेचे मोठे खडे धरतात. म्हणून ४३ अंशांपर्यंत, म्हणजे पातेलं कोमट लागेपर्यंत थांबायचं. मग वरची चकाकी जाईपर्यंत लाकडी चमच्याने घोटायचं. कलाकंद रवाळ हवा, फज रवाळ नको.

माझं म्हणणं एवढंच. बेळगावात आपण मराठीसाठी बोलतो, लिहितो, पाट्यांवरून वाद घालतो. मीही त्यातलाच. पण एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे शब्द मला विसाव्या वर्षी कळले, कारण मुलगा म्हणून मला कधी कुणी चुलीपाशी उभं केलं नाही आणि मीही गेलो नाही. काहीजण म्हणतील, पाककृती म्हणजे साहित्य नव्हे. नसेल. पण ज्या शब्दांवर साहित्य उभं राहतं, त्यातले कितीतरी स्वयंपाकघरातच राहिलेत. ते फक्त तिथल्या बायकांनी सांभाळायचे आणि आपण व्यासपीठावर भाषेची काळजी करायची, हे मला आता पटत नाही.

म्हणून मंडळाला एक सुचवतो. पुढच्या अंकासाठी प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, घरात एक पदार्थ स्वतः करावा आणि तो करताना कळलेला एक नवा शब्द लिहून आणावा. बिघडला तरी चालेल. माझी पहिली खेप आम्ही दुधात उकळून प्यायलो.